राजाचे आसन आणि सुताराची खुर्ची

युरोपातील घरसामानाचा इतिहास वाचावयास घेतला की पहिल्या पानापासून राजांची नावे भेटू लागतात. हे चौदाव्या लुईचे कपाट, ते पंधराव्या लुईचे मेज, ही सोळाव्या लुईची खुर्ची. जणू काय हे राजेच हातात रंधा घेऊन बसले होते! मला आज बोलावयाचे आहे ते एका सुताराविषयी. परंतु त्याने काय केले याचे मोल कळण्यासाठी प्रथम व्हर्सायच्या राजवाड्यात डोकावले पाहिजे.

चौदाव्या लुईच्या दरबारात कोणी कशावर बसावे हा सोयीचा प्रश्न नव्हता, मानाचा होता. राजासमोर बहुतेकांनी उभेच राहावयाचे. डचेस पदवीच्या स्त्रियांना राणीपुढे बसण्याचा हक्क होता; पण तोही खुर्चीवर नव्हे, तर ‘ताबुरे’ नावाच्या, पाठ नाही आणि हात नाहीत अशा लहानशा बैठकीवर. एवढ्याशा बैठकीसाठी मोठमोठी घराणी झुरत. मानाच्या पाटावरून आपल्याकडील लग्नांत जे रुसवेफुगवे होतात ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना याचे नवल वाटणार नाही. याच राजाच्या महालात भरीव चांदीची मेजे होती. 1689 साली युद्धाला पैसा अपुरा पडू लागला तेव्हा ती वितळवून तिची नाणी पाडली. पुढे राज्यक्रांती झाली, आणि 1793 च्या ऑगस्टपासून जवळजवळ वर्षभर व्हर्सायमधील सामानाचा लिलाव चालला. 17 हजारांहून अधिक नग पुकारले गेले.

राजे गेले, त्यांची आवड मात्र गेली नाही. पंधराव्या लुईच्या काळची वळणदार, नागमोडी पायांची खुर्ची एकोणिसाव्या शतकातील व्यापाऱ्यालाही आपल्या दिवाणखान्यात हवीशी वाटू लागली. अडचण अशी की वळणदार पाय सरळ फळीतून कापून काढावा लागतो. त्यात बरेचसे लाकूड वाया जाते. शिवाय करवत लाकडाचे तंतू आडवे तोडते, म्हणून पाय जाड ठेवावा लागतो. खर्च वाढतो, वजन वाढते. वळण कापून काढण्याऐवजी लाकूडच वळवले तर?

हा प्रश्न ज्याने आयुष्यभर सोडला नाही तो मिखाएल थोनेट ऱ्हाइन नदीकाठच्या बोपार्ड गावी 1796 साली जन्मला. 1830 च्या सुमारास तो लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळून साच्यात वाकवू लागला. 1841 साली कोब्लेन्झच्या प्रदर्शनात त्याचे काम ऑस्ट्रियाचा मुत्सद्दी मेटर्निक याच्या नजरेस आले आणि त्याने या सुताराला व्हिएन्नास बोलावले. थोनेट तिकडे गेला, आणि इकडे सावकारांनी त्याच्या गावच्या मालमत्तेवर जप्ती आणली. वयाच्या पंचेचाळिशीनंतर, पाच मुलांसह, परक्या शहरात त्याने पुन्हा आरंभ केला. लिख्टेनस्टाइन राजवाड्याच्या सजावटीत दुसऱ्याच्या हाताखाली राबला. 1849 साली स्वतःचा कारखाना काढला. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कांस्यपदक मिळाले.

तरी एक खोट उरली होती. सरसाने जोडलेल्या पट्ट्या दमट हवेत सुटत. तेव्हा अखंड लाकूडच वाकवणे प्राप्त होते. येथे या माणसाची बुद्धी दिसते. वाफवलेले लाकूड दाबले तर दबते, पण ताणले तर फारसे ताणत नाही. म्हणून वाकवताना बाहेरच्या बाजूचे तंतू तडकतात. थोनेटने त्या बाहेरच्या अंगाला पोलादाची पट्टी लावून तिची दोन्ही टोके घट्ट आवळली. पट्टी लांबत नाही, त्यामुळे लाकडालाही लांबता येत नाही. ते आतल्या आत दबत जाते आणि न फुटता वाकते. साच्यात वाळले की वळण कायम. 1856 साली त्याला या पद्धतीचा परवाना मिळाला आणि मोराव्हियात, आजच्या चेक प्रजासत्ताकात, बीच वृक्षांच्या रानाजवळ कोरिचानी येथे कारखाना उभा राहिला.

1859 साली तेथून बाहेर पडली ती 14 क्रमांकाची खुर्ची. सहा लाकडी भाग, दहा स्क्रू, दोन नट, बस्स. सुट्या भागांच्या 36 खुर्च्या एक घनमीटरच्या पेटीत मावत, आणि जेथे पोहोचतील तेथे कोणीही त्या जोडाव्यात. 1869 साली परवान्याची मुदत संपल्यावर इतर कारखानदारही या धंद्यात उतरले. तरी 1930 पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे 5 कोटी खुर्च्या खपल्या.

मात्र या कथेला दुसरी बाजू आहे, आणि कौतुकाच्या भरात ती विसरली जाते. त्या कारखान्यांत निष्णात सुताराची फारशी गरजच उरली नव्हती. एकाने वाफवावे, दोघांनी वाकवावे, बायकांनी घासावे, वेताची जाळी विणावी. संपूर्ण खुर्ची कोणाच्याच हातची नाही. आयुष्यभर रंध्याशी झटलेल्या एका कारागिरानेच कारागिराला बाजूस सारले. सर्वांना परवडेल अशी बैठक त्यावाचून झाली असती काय? मला तसे वाटत नाही. परंतु त्याची किंमत कोणी भरली हेही नजरेआड करू नये.

ही खुर्ची आपल्याला अनोळखी नाही. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत, संगमरवरी मेजांभोवती, वाफेवर वाकवलेल्या लाकडाच्या याच जातीच्या खुर्च्या असत. त्या सगळ्याच थोनेटच्या नव्हेत, इतर कारखान्यांच्याही होत्या. पण युक्ती त्याचीच. जी थोडी हॉटेले उरली आहेत त्यांपैकी एखाद्यात जाणे झाले, तर गल्ल्यावरील मालकाची परवानगी काढून खुर्ची जरा फिरवून पाहा. मागचा एक पाय जमिनीपासून वर चढतो, पाठीची कमान होतो, आणि दुसऱ्या बाजूने पुन्हा पाय होऊन खाली येतो. मध्ये कोठेही सांधा नाही.