नव्या टॅबला जुनी सेटिंग्ज का मिळत नाहीत

टर्मिनलच्या एका टॅबमध्ये रंग बदलले, एखादे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरवले आणि शेजारी नवा टॅब उघडला, तर त्यात यातले बहुतेक काहीच दिसत नाही. वापरणाऱ्याला हा बिघाड वाटतो. प्रत्यक्षात युनिक्सची रचनाच तशी आहे.

युनिक्सच्या सुरुवातीच्या काळात टर्मिनल म्हणजे कागदावर छापणारे टेलिटाइप यंत्र होते. छापलेले अक्षर कागदावरून पुसता येत नाही, म्हणून चुकलेले अक्षर रद्द करायला ‘#’ आणि सबंध ओळ रद्द करायला ‘@’ टंकायची रीत होती. या खुणा यंत्रात नव्हत्या. युनिक्सचा कर्नल त्यांची नोंद प्रत्येक टर्मिनल-लाइनसाठी स्वतंत्र ठेवत असे आणि ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने त्या बदलता येत. 1978 साली डेक कंपनीचे व्हीटी-100 आले तेव्हा काही सेटिंग्ज यंत्रातही राहू लागली. ‘सेट-अप’ कळ दाबून 80 किंवा 132 स्तंभ निवडायचे आणि मग शिफ्ट-एस दाबून ते जतन करायचे. जतन न केलेला बदल यंत्र बंद होताच जाई.

खरा निर्णायक बदल मात्र त्याआधीच, पीडीपी-7 संगणकावरच्या युनिक्समध्ये झाला होता. शेल, म्हणजे आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, प्रत्येक आज्ञेसाठी नवी प्रोसेस निर्माण करू लागला आणि डिरेक्टरी बदलण्याची आज्ञा एकाएकी निकामी झाली. युनिक्सच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या डेनिस रिची यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. आज्ञा चालत होती, पण डिरेक्टरी बदले ती तिच्या अल्पायुषी प्रोसेसची. शेल होता तिथेच राही. म्हणून ती आज्ञा शेलच्याच पोटात घालावी लागली. प्रोसेसचा वारसा आईकडून मुलाकडे जातो. मुलाकडून आईकडे किंवा भावंडाकडे जात नाही. 1979 च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत एन्व्हायर्नमेंट आले, त्यालाही हाच नियम लागला.

1984 मध्ये एक्सटर्म हा टर्मिनल प्रोग्रॅम तयार झाला. त्याची प्रत्येक खिडकी म्हणजे एक आभासी टर्मिनल आणि त्यात एक शेल. जुन्या खिडकीतल्या शेलमधून नवा एक्सटर्म सुरू केला, तर तो त्या शेलचा वंशज ठरे आणि त्याला डिरेक्टरी व व्हेरिएबल्स मिळत. टॅब आले आणि हे नाते तुटले. नव्या टॅबचा शेल जुन्या शेलच्या पोटी जन्मत नाही, टर्मिनल प्रोग्रॅमच्या पोटी जन्मतो. जुन्या टॅबमध्ये काय बदलले हे त्याला कळायला मार्गच उरत नाही.

यावर उपाय निघाले ते तुकड्यातुकड्याने. रंग आणि फॉन्ट प्रोफाइलमध्ये गेले. डिरेक्टरीसाठी एक एस्केप सीक्वेन्स रूढ झाला: शेल प्रत्येक प्रॉम्प्टच्या वेळी आपला पत्ता टर्मिनलला कळवतो आणि टर्मिनल नवा टॅब तिथेच उघडतो. गनोम टर्मिनलसाठी हे काम व्हीटीई लायब्ररीबरोबर येणारी छोटी स्क्रिप्ट करते. ती लॉगिन शेललाच (लॉग इन करताना सुरू होणाऱ्या शेललाच) वाचायला मिळेल अशा जागी असेल आणि टॅबमधला शेल लॉगिन शेल नसेल, तर टॅब होम डिरेक्टरीत उघडतो. कित्येक तक्रारींचे मूळ एवढेच असते.

व्हेरिएबल्स आणि ‘एसटीटीवाय’चे बदल यांना असा कोणताही निरोप्या नाही. ते प्रत्येक टॅबमध्ये हवे असतील तर बॅश या शेलच्या ‘.बॅशआरसी’सारख्या फाइलमध्ये लिहून ठेवावे लागतात.