लाकडावरची चकाकी : पॉलिशच्या धंद्याचा थोडा इतिहास

सागवानी कपाट घरात आले की ते कोणत्या सुताराने केले, हे पाहुणे आवर्जून विचारतात. त्यावर पॉलिश कोणी केले, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. वास्तविक डोळ्यांना प्रथम दिसते आणि हाताला प्रथम लागते ते पॉलिशच. मोहने-आंबिवलीच्या बाजूने कल्याण, उल्हासनगर आणि थेट मुंबईपर्यंत या कामासाठी जाणारे कारागीर आहेत आणि आपल्या समाजातील कित्येक घरांची चूल या धंद्यावर पेटते. तरीही या धंद्याला काही इतिहास आहे, हे त्या घरांतील मुलांनासुद्धा ठाऊक नसते. तो थोडक्यात सांगावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुन्या पॉलिशचा मूळ पदार्थ म्हणजे लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर एक बारीक किडा रस शोषून जगतो आणि आपल्या अंगाभोवती राळेसारखा पदार्थ सोडतो. तो खरवडून, धुऊन, वितळवून पातळ ताणला म्हणजे जे पापुद्रे मिळतात, त्यांना बाजारात चपडा म्हणतात. महाभारतातील लाक्षागृहाची गोष्ट आपण शाळेत वाचतो. त्यावरून लाखेची ओळख या देशाला किती जुनी आहे, हे ध्यानात येईल. आजच्या झारखंडमधील छोटा नागपूर हा लाखेचा मोठा प्रदेश. रांचीजवळ नामकुम येथे लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ साली निघाली. एके काळी ग्रामोफोनच्या तबकड्याही याच चपड्यापासून बनत असत.

अकबर बादशहाच्या काळात या कामाची रीतसर नोंद झालेली आढळते. अबुल फजलने सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या 'आईन-ए-अकबरी'त बांधकामाच्या सामानाचे दर आणि प्रमाण दिले आहे. त्यात चिकांच्या पडद्यांना लावायच्या लाखेचाही उल्लेख आहे. तांबडा रंग हवा असल्यास लाखेत हिंगूळ मिसळावा, पिवळा हवा असल्यास हरताळ, निळा हवा असल्यास नीळ, असे त्याचे मापही सांगितले आहे. कारागिराच्या डोक्यातील प्रमाण कागदावर उतरल्यामुळेच आज चारशे वर्षांनंतर ते आपल्याला वाचता येते. १५८३ साली गोव्यात आलेल्या लिन्शोटेन या डच प्रवाशानेही येथील लाखकामाचे वर्णन करून ठेवले आहे. कातारी फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवतो आणि घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर बसते. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर जी चकाकी दिसते, ती याच जातीच्या कामाची होय.

'खुर्ची' हा शब्द मूळ अरबी 'कुर्सी'वरून आपल्याकडे आला. परंतु खुर्च्या, टेबले, कपाटे यांचा वापर वाढला तो इंग्रजी अमदानीत. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या मेडोज स्ट्रीटवर शिसवी लाकडाच्या कोरीव फर्निचरची दुकाने नावाजलेली होती. त्याच शतकाच्या आरंभी युरोपात चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून तो पोटलीने लाकडावर घासण्याची पद्धत रूढ झाली. तिला फ्रेंच पॉलिश हे नाव मिळाले. लाख प्रामुख्याने हिंदुस्थानातून जाई, नाव मात्र फ्रान्सचे झाले!

हे काम पाहताना सोपे वाटते, पण ते तसे नाही. प्रथम काच पेपरने लाकूड घासावयाचे आणि तेही रेषेच्या दिशेने. आडवा हात गेला तर ओरखडा राहतो आणि पॉलिश लागल्यावर तो अधिकच उठून दिसतो. मग लाकडाची बारीक छिद्रे भरून घ्यावयाची. नंतर कापसावर मऊ सुती कापड बांधून पोटली करावयाची, ती चपड्याच्या द्रावणात भिजवून गोल आणि आठच्या आकड्याप्रमाणे फिरवावयाची. पोटली अडू नये म्हणून तिला तेलाचा एखादा थेंब लावतात. ती मध्येच थांबली तर खालचा थर उचलला जातो. असे कितीतरी पातळ थर चढले म्हणजे लाकडात तोंड दिसू लागते. पावसाळ्यात आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत हेच पॉलिश पांढरे पडते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतील ओलावा त्यावर धरतो, हे त्याचे कारण. विज्ञानातील बाष्पीभवन ते हेच! जुने फर्निचर नव्याने करताना अनुभवी कारागीर कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकून पाहतो. थर चिकट झाला तर ते लाखेचे पॉलिश समजावे. त्याची दुरुस्ती पोटलीनेच होते. तसे झाले नाही तर बहुधा सगळे घासून काढावे लागते.

आता मोहन्याच्या संदर्भात एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. १९४६ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनच्या, म्हणजे आपल्या एनआरसीच्या, येथील कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा निघत असे. लगद्यातील मूळ पदार्थ सेल्युलोज. याच सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून लॅकर बनवतात. १९२३-२४ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीने मोटारगाड्यांसाठी असा रंग 'ड्यूको' या नावाने बाजारात आणला. आज आपले कारागीर फवाऱ्याने मारलेल्या चकचकीत रंगाला 'ड्यूको' म्हणतात, ते नाव त्या मोटारींवरून आलेले आहे. तात्पर्य, ज्या रसायनशास्त्रावर एनआरसीचा भोंगा वाजत होता, त्याच शास्त्राच्या दुसऱ्या शाखेवर पॉलिशवाल्याचा रोज चालतो.

लॅकरनंतर मेलामाईन आले, मग पीयू आले. सनमायकाने तर पुष्कळ ठिकाणी पॉलिशची गरजच संपवली. पोटलीवर बसलेला हात वीस वर्षांच्या सरावाने तयार होत असे; फवारा त्या मानाने लवकर हाती येतो. त्यामुळे कारागिराची गणना मजुरांत होऊ लागली आणि दर ठरवणे ठेकेदाराच्या हाती गेले. धोकेही बदलले. मेलामाईन वाळताना फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. पीयूच्या हार्डनरमधील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल या वाफा अडवीत नाही. त्यासाठी योग्य फिल्टरचा मास्क आणि खेळती हवा हवी. डब्यावरील सूचना वाचता येणे हा येथे शिक्षणाचा अगदी रोकडा उपयोग आहे.

मोहन्याचा कारखाना २००९ साली बंद पडला. पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असे वाटणारी कायम नोकरी गेली, हे या गावाने डोळ्यांनी पाहिले. अशा वेळी हातातील कसब कामी येते, हे खरे. परंतु नुसते कसबही पुरत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या 'पीएम विश्वकर्मा' योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आहे, पॉलिश करणाऱ्याचे वेगळे नाव नाही. ज्या धंद्याची कोठे नोंद नाही, त्याचा विचार तरी कोण करणार?

आणि ही नोंद आपण स्वतः तरी कोठे करतो? शाळेच्या प्रवेशअर्जात 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात पॉलिश मिस्त्री 'मजूर' किंवा नुसते 'खाजगी काम' असे लिहितात. यात कमीपणा कसला? हजरत दाऊद (अ.स.) स्वतःच्या हातच्या कमाईवर जगत आणि हजरत झकरिया (अ.स.) सुतार होते, असे हदीसमध्ये आले आहे. पालकांना माझी विनंती अशी की, त्या रकान्यात 'फर्निचर पॉलिश कारागीर' असे स्पष्ट लिहावे. मुलाने हाच धंदा करावा, असा याचा अर्थ नव्हे. त्याने डॉक्टर व्हावे, शिक्षक व्हावे, रंगाच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञही व्हावे. परंतु आपल्या फीचे पैसे कोणत्या विद्येतून आले, हे त्याला ठाऊक असावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम आहे. एका सुटीत वहीचे एक पान घेऊन वडिलांजवळ, चाचांजवळ किंवा शेजारच्या मिस्त्रीजवळ बसा. चपडा किती, स्पिरिट किती, सागाला काय लावायचे, शिसवीला काय, पावसाळ्यात काय टाळायचे, हे विचारून लिहून घ्या. एका दरवाज्याला माल किती लागला, दिवस किती गेले आणि हाती काय उरले, याचा हिशेबही मांडा. पुढच्या कामाचा दर सांगताना तो त्यांनाच उपयोगी पडेल. अबुल फजलने बादशहाच्या कारखान्यासाठी जे केले, ते आपल्या घरासाठी करावयास एक पेन आणि एक वही पुरेशी आहे.