टेंभ्याच्या उजेडातला मारेकरी

वैशाखातली रात्र. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्याचा पश्चिमेकडचा डोंगरपट्टा, पलीकडे डांग. अंधारात संबळ कडाडतो, टेंभे पेटतात आणि वाटेच्या टोकाला एक भलंमोठं तोंड दिसू लागतं. वटारलेले डोळे, बाहेर आलेले सुळे. ते धावत येत नाही. ठेक्यावर पाय टाकत, गिरक्या घेत, सावकाश येतं. पुढे बसलेली पोरं आईच्या पदराआड जातात.

हा भवाडा. कुठे भोवाडा म्हणतात, कुठे बोहाडा. चैत्र-वैशाखात, आखाजीच्या म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या मागेपुढे, कोकणा आणि इतर आदिवासी समाजांत मुखवट्यांचा हा उत्सव रात्ररात्र चालतो. डांग आज गुजरातेत आहे. इंग्रजी अमलात काही काळ तिथल्या भिल्ल राजांवर देखरेख खानदेशातून होई. 1906 साली खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, पूर्वेचा तो आजचा जळगाव, पश्चिमेचा म्हणजे आजचे धुळे आणि नंदुरबार. सीमा हलत राहिल्या, सोंगं मात्र दोन्हीकडे नाचत राहिली.

मुखवटे पूर्वी लाकडात कोरलेले असत, पुढे कागदाच्या लगद्याचे आले. सुरुवातीला गणपती, सरस्वती. मग रावण, वेताळ, नरसिंह. प्रत्येक सोंगाची चाल वेगळी, म्हणून जाणत्या माणसाला वाद्यावरूनच कळतं की आता कोण येणार.

नेमकी हीच युक्ती 1978 साली अमेरिकेत जॉन कार्पेंटरने वापरली. ‘हॅलोविन’ हा त्याचा तुटपुंज्या पैशांतला चित्रपट. खुनी मायकल मायर्ससाठी दुकानातून एक स्वस्त रबरी मुखवटा आणला गेला, तोही ‘स्टार ट्रेक’मधल्या कॅप्टन कर्कचा. त्याला पांढरा रंग फासला, डोळ्यांची भोकं मोठी केली. झाला खुनी तयार. संगीत कार्पेंटरनेच दिलं. वडिलांनी लहानपणी बाँगोवर शिकवलेला पाच मात्रांचा ठेका त्याने पियानोवर वाजवला. तो ठेका ऐकला की खुनी दिसण्याआधीच अंगावर काटा येतो. ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ या चित्रपटमालिकेतल्या खुनी जेसनला तर त्याचा प्रसिद्ध हॉकीचा मुखवटा थेट तिसऱ्या भागात, 1982 साली मिळाला.

मराठी पडद्यावर हे भय आणलं महेश कोठारे यांनी. ‘धडाकेबाज’ (1990) मधला कवट्या महांकाळ तोंडावर कवटी चढवून आला. सांगलीकडच्या कवठे महांकाळ या गावाच्या नावाची ही मोडतोड इतकी चपखल बसली की तेव्हाची मुलं आज चाळिशी ओलांडूनही ते नाव विसरलेली नाहीत. ‘झपाटलेला’तला तात्या विंचू 1993 सालचा, पण त्याचं भय बाहुल्याचं, मुखवट्याचा मान कवट्याचाच.

तरीही भवाडा आणि सिनेमा यांत एक मोठा फरक आहे, आणि भवाड्याची खरी श्रीमंती त्यातच आहे. पडद्यावरच्या मुखवट्याला चेहरा लपवायचा असतो. भवाड्यात अनेक सोंगं ठरावीक घरांकडे पिढ्यानपिढ्या चालत आलेली; आत कोण आहे हे गावाला ठाऊक असतं. ठाऊक असूनही पोरं दचकतात, म्हातारी माणसं हात जोडतात. शिवाय इथे मारणारा बहुतेक वेळा देवच. नरसिंह हिरण्यकशिपूला मारणारा, देवी महिषासुराला.

शेवटच्या रात्री देवी आणि महिषासुराची झुंज होते. संबळाची लय वाढत जाते, टेंभ्यांवर तेल पडतं, माणसं उठून उभी राहतात. महिषासुर पडतो. मग मुखवटा उतरतो आणि आतून घामाने निथळणारा, ओळखीचा शेजारी बाहेर येतो.