झाशीचे ‘हीरोज’ आणि बेटन चषक

झाशी हे नाव उच्चारताच मराठी मनापुढे किल्ल्याचा बुरूज आणि घोड्यावर आरूढ झालेली राणी उभी राहते. ते स्वाभाविकच आहे. ज्या गणेशमंदिरात १८४२ साली राणीसाहेबांचा विवाह झाला, त्याच मंदिराच्या सभामंडपात आपल्या येथील मराठी कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या आरत्या म्हटल्या. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ मधील झाशीच्या वेढ्याचे वर्णन वाचून आपल्यापैकी कित्येकांचे बालपण भारावले. तथापि, आपण ज्या नगरीचे मीठ खाल्ले, तिचा इतिहास १८५८ सालीच संपला, अशी समजूत आपण नकळत करून घेतली आहे. त्या वेढ्याला बरोबर पाऊणशे वर्षे झाली, त्या १९३३ साली झाशीच्या अकरा जणांनी कलकत्त्यास जाऊन आणखी एक पराक्रम गाजविला. त्याची नोंद सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत व्हावी, या हेतूने हा लेख.

कलकत्त्याची बेटन चषक स्पर्धा १८९५ साली सुरू झाली. जगातील सर्वांत जुन्या हॉकी स्पर्धांत तिची गणना होते. पुढच्याच वर्षी मुंबईत आगाखान चषकास प्रारंभ झाला. योगायोग असा, की झाशीचा रेल्वे कारखानाही १८९५ सालचाच. एकीकडे छावणी आणि दुसरीकडे रेल्वे वसाहत, अशा दोन वस्त्यांमुळे या गावात हॉकी रुजली. पलटणीतले शिपाई खेळत, रेल्वेतले नोकर खेळत, आणि त्यांचे पाहून मोहल्ल्यातली पोरेही वाकडी फांदी तोडून तिची काठी करीत. अशा वातावरणातून ‘झाशी हीरोज’ हा संघ पुढे आला. त्याच्यामागे ना संस्थानिकाचा खजिना होता, ना एखाद्या बड्या कंपनीचा आधार.

या संघाचा प्राण म्हणजे ध्यानचंद. परंतु ते जन्माने झाशीकर नव्हते, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. त्यांचा जन्म २९ ऑगस्ट १९०५ रोजी प्रयागचा. वडील समेश्वर सिंह लष्करात असल्याने बदल्यांमागून बदल्या होत राहिल्या. मुलाचे शिक्षणही त्यामुळे सहा इयत्तांपुढे जाऊ शकले नाही. अखेरीस हे कुटुंब झाशीत स्थिरावले. ध्यानचंद स्वतः १९२२ साली सैन्यात शिपाई म्हणून दाखल झाले. १९२८ साली अ‍ॅम्स्टरडॅम आणि १९३२ साली लॉस एंजेलिस अशा दोन ऑलिंपिकची सुवर्णपदके त्यांच्या नावावर जमा झाली होती. लॉस एंजेलिसला अमेरिकेविरुद्ध भारताने चोवीस गोल केले. त्यांतील दहा धाकटे बंधू रूपसिंह यांचे आणि आठ ध्यानचंदांचे. अशा जगज्जेत्या खेळाडूने लगोलग पुढच्या वर्षी आपल्या गावाच्या संघातून खेळायला उभे राहावे, यात त्याचे मोठेपण आहे.

१९३३ च्या अंतिम सामन्यात हीरोजची गाठ कलकत्ता कस्टम्सशी पडली. मैदान त्यांचे, प्रेक्षक त्यांचे, आणि संघात १९२८ च्या ऑलिंपिकमध्ये खेळलेल्या शौकत अलीसारखे कसलेले गडी. झाशीकडे ध्यानचंद, रूपसिंह आणि मुंबईच्या जी. आय. पी. रेल्वेकडून खेळणारा इस्माईल एवढेच नामांकित. बाकी सारी तरुण, अननुभवी मुले. पस्तीस-पस्तीस मिनिटांच्या त्या खेळात कस्टम्सने दडपण आणले आणि झाशीचा गोल आता पडतो की मग पडतो, अशी अवस्था झाली. अशा क्षणी ध्यानचंदांनी कोंडी फोडली आणि मध्य मैदानातून एक लांब पास इस्माईलच्या वाटेवर टाकला. इस्माईल अर्धे मैदान वाऱ्याच्या वेगाने धावला. कस्टम्सचा डावा हाफबॅक आणि गोलरक्षक यांच्यात चेंडू कोणी अडवायचा याबद्दल क्षणभर घोटाळा झाला आणि तेवढ्यात चेंडू जाळ्यात गेला. सामन्यातील तो एकमेव गोल. चषक झाशीचा झाला. त्याच मुक्कामात केवळ भारतीय संघांसाठी असलेली लक्ष्मीविलास चषक स्पर्धाही हीरोजनी जिंकली.

ध्यानचंदांनी १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गोल’ या आत्मचरित्रात आपला सर्वांत उत्तम सामना म्हणून कोणता निवडावा? १९३६ साली त्यांच्या नेतृत्वाखाली बर्लिनमध्ये जर्मनीवर आठ विरुद्ध एक असा विजय मिळाला होता. परंतु त्यांनी निवड केली ती बेटन चषकाच्या या सामन्याची. जगाने दिलेल्या पदकांपेक्षा गावासाठी मिळविलेला एक गोलाचा विजय त्यांना अधिक मोलाचा वाटला. कोणी म्हणेल, ध्यानचंद होते म्हणून झाशी जिंकली. त्याचे उत्तर १९३५ सालात आहे. त्या वर्षी ध्यानचंद भारतीय संघाबरोबर न्यूझीलंडमध्ये होते आणि तरीही हीरोजनी बेटन चषक राखला. गुरूच्या अनुपस्थितीत शिष्य उभे राहिले, तेव्हाच संस्था खरी झाली.

दूरदेशी याचे एक साम्य आढळते. आयर्लंडमध्ये १८८४ साली गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशनची स्थापना झाली. तेथे बहुधा प्रत्येक पॅरिशचा, म्हणजे लहानशा पंचक्रोशीचा, आपला क्लब असतो. हे क्लब आपापल्या काउंटीच्या चषकासाठी गेलिक फुटबॉल खेळतात. खेळाडूस वेतन नाही. शिक्षक, शेतकरी, सुतार दिवसभर काम करून संध्याकाळी सरावास येतात. पोटासाठी न्यूयॉर्क वा लंडनला गेलेल्या आयरिश मंडळींनी तेथेही आपले क्लब काढले. आपण परमुलखात गणेशोत्सव मांडतो, त्यामागची ओढ यापेक्षा निराळी नाही.

या कथेत मराठी धागाही आहे. रूपसिंह पुढे ग्वाल्हेरला शिंद्यांच्या फौजेत कॅप्टन झाले. २४ फेब्रुवारी २०१० रोजी ग्वाल्हेरच्या ज्या मैदानावर सचिन तेंडुलकरने एकदिवसीय सामन्यात नाबाद द्विशतक ठोकले, त्याचे नाव कॅप्टन रूपसिंह स्टेडियम. त्या दिवशी घराघरांत पेढे वाटणाऱ्या आपल्यापैकी किती जणांना ठाऊक होते, की हे रूपसिंह आपल्याच झाशीचे?

पुढे काळ पालटला. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकपासून हॉकी कृत्रिम हिरवळीवर गेली. मातीच्या मैदानावर, खडबडीत जमिनीवर चेंडू काबूत ठेवण्याची जी कला झाशीच्या पोरांनी कमावली होती, तिचे मोल उतरले. कृत्रिम मैदान घालणे गावच्या क्लबाच्या आवाक्याबाहेरचे होते. तत्पूर्वी, १९७५ साली, ध्यानचंदांचे पुत्र अशोककुमार यांच्या गोलाने भारताने क्वालालंपूर येथे पाकिस्तानला हरवून विश्वचषक जिंकला. १९८० नंतर मात्र ऑलिंपिकचे सुवर्णपदक भारतास लाभलेले नाही. टोकियो आणि पॅरिस येथील कांस्यपदकांनी आशा पल्लवित केली आहे. परंतु गावोगावच्या चषक स्पर्धा ओस पडत असतील, तर वरची कमान कशाच्या आधारावर उभी राहणार?

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीत ध्यानचंदांचे निधन झाले. अंत्यसंस्कार झाले ते झाशीत, हीरोजच्या मैदानावर. प्रयागला जन्मलेला, साऱ्या जगात खेळलेला हा पुरुष अखेर त्या मातीत विसावला, जी त्याने आपली म्हटली होती.

आपले पूर्वज कोणी पेशव्यांच्या सरदारांबरोबर या मुलखात आले, कोणी रेल्वेच्या नोकरीसाठी. ‘आपण मूळचे कुठले’ हा प्रश्न आपल्या मुलांना आजही विचारला जातो आणि कोकणातल्या वा देशावरच्या, कधी न पाहिलेल्या गावाचे नाव सांगून ती मोकळी होतात. ते नाव त्यांनी अवश्य सांगावे. परंतु त्याबरोबर झाशीचे नावही तेवढ्याच अभिमानाने सांगावे, अशी आमची इच्छा आहे. गणेशचतुर्थी ज्या वर्षी ऑगस्टच्या अखेरीस येते, त्या वर्षी २९ ऑगस्टच्या संध्याकाळी मुलांना हीरोजच्या मैदानावर घेऊन जावे, ध्यानचंदांच्या समाधीपाशी चार फुले वाहावीत आणि १९३३ च्या त्या गोलाची गोष्ट सांगावी. मंडळाच्या पुढील पन्नास वर्षांत हा परिपाठ पडला, तर या लेखाचे सार्थक झाले, असे आम्ही समजू.