निनावी प्रश्नकर्ता: समलिंगी तरुण, शाळा आणि वऱ्हाड

अमरावती-अकोल्याकडचे मूल घरी वऱ्हाडी बोलते आणि शाळेत प्रमाण मराठी शिकते. समलिंगी मुलाच्या संदर्भात या द्वैताला वेगळाच अर्थ प्राप्त होतो. ‘बायल्या’ हा शब्द त्याच्या कानी वर्गात, मैदानावर फुकट पडतो. ‘समलिंगी’ हा शब्द मात्र छापील असतो, आणि तो कोणीतरी द्यावा लागतो. हा शब्द देणारे कोण होते, हा ऐतिहासिक प्रश्न आहे.

र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये (१९२७–१९५३) वाचक हस्तमैथुन, समलिंगी संबंध यांविषयी प्रश्न विचारीत, कर्वे पापाची भाषा टाळून उत्तरे देत. अशाच उत्तरांवरून १९३४ मध्ये मुंबईत अश्लीलतेचा खटला चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कर्व्यांची बाजू मांडली, तरी त्यांना २०० रुपये दंड झाला. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताशी जोडलेला होता. तो मुंबई राज्यात आला १९५६ मध्ये. खटला परप्रांतातला, भाषा मात्र एकच. शिक्षा उत्तराला झाली. प्रश्नकर्ता निनावीच राहिला.

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’मध्ये (रंगभूमीवर १९८१) महाविद्यालयीन सुमित्राला नाव मिळते, पण तिची गोष्ट सांगतो तो बापू. निवेदनाचा अधिकार मित्राकडे नाही, आणि तिचा शेवट मृत्यूत होतो. २००२ मध्ये पुण्यात ‘समपथिक ट्रस्ट’ स्थापणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’ कादंबरीत वाढत्या वयाचा समलिंगी मुलगा स्वतःच केंद्रस्थानी येतो. निनावी प्रश्न, मित्राने सांगितलेली गोष्ट, स्वतःची गोष्ट असा हा प्रवास आहे. तो पुण्या-मुंबईच्या प्रमाण मराठीत घडला, हेही नोंदवले पाहिजे.

वाङ्मयाने दिलेला शब्द शाळेने मात्र स्वीकारला नाही. २००७ मध्ये महाराष्ट्राने शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी घातली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीने होणारे समलिंगी संबंध कलम ३७७ मधून वगळले. तरी २०२१ मध्ये तृतीयपंथी मुलांच्या समावेशाविषयी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने काढलेली शिक्षकांसाठीची पुस्तिका आक्षेपांनंतर मागे घेतली गेली. १९३४ मध्ये उत्तराला दंड झाला. आता उत्तरच काढून घेतले जाते. कायद्याने प्रौढाला मान्यता दिली, पण अकोल्याच्या वर्गात बसलेला तेरा वर्षांचा मुलगा अद्याप कर्व्यांच्या वाचकाइतकाच निनावी आहे. स्वीकार ही भावनेची बाब मानली जाते. वस्तुतः तिचा आरंभ, शिवीच्या आधी शब्द पोहोचण्यात असतो.