सोडून देणारी तार

चाकणात राहून क्रूझ कंट्रोलवर लिहायचं म्हणजे वाळवंटात बसून होड्यांवर लिहिण्यासारखं आहे. पुणे-नाशिक रस्त्यावर तळेगाव चौक ते आंबेठाण चौक एवढ्या अंतरात गाडी सलग दहा सेकंद एका वेगाने चालली तरी नवस फेडावा! पण तळेगावकडे वळून एक्सप्रेसवेला लागलं की गोष्ट बदलते. तिथे ॲक्सिलरेटरवर एकाच कोनात पाय धरून बसणं हेच एक काम होऊन बसतं.

आमचे दादा (आत्येभाऊ, घरच्यांना ठाऊक आहेतच) आता साठी ओलांडलेले. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि लेकीकडे मुंबईला जाणं काही सुटत नाही. गाडी 1998ची टाटा सुमो. नवी घ्या म्हटलं तर रागावतात. या सुमोला क्रूझ कंट्रोल बसेल का, असं त्यांनी विचारलं आणि मी त्याचा इतिहास शोधत बसलो.

कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. जेम्स वॉटने 1788 साली वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर जोडला. दोन गोळे फिरतात, वेग वाढला की बाहेर फेकले जातात आणि वाफेची झडप थोडी मिटते. वेग उतरला की गोळे खाली येतात, झडप उघडते. आपल्याकडच्या जुन्याजाणत्यांनी हे विहिरीवरच्या डिझेल इंजिनात पाहिलेलं असणार. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स 1946 साली खडकीला सुरू झाली. असल्या इंजिनावर पंपाचा भार आला की आवाज क्षणभर दबतो आणि पुन्हा पूर्वपदावर येतो, तो गव्हर्नरमुळेच.

मोटारीत ही युक्ती रुजवली ती राल्फ टीटर या अमेरिकन इंजिनिअरने. तो पाच वर्षांचा असताना चाकू लागून त्याची दृष्टी गेली. म्हणजे आयुष्यभर गाडीत तो बसला तो शेजारच्या सीटवरच. पहिल्या महायुद्धात याच माणसाने नौदलाच्या जहाजांच्या टर्बाइनचे रोटर बोटांनी कंप ओळखून संतुलित केले होते. अशा माणसाला गाडीतला हिसका किती जाणवत असेल! त्याचा वकील बोलताना गाडी हळू करायचा आणि ऐकताना पळवायचा, त्या धक्क्यांना वैतागून टीटर कामाला लागला, असं सांगतात. शिवाय युद्धकाळात अमेरिकेत ताशी 35 मैलांची, म्हणजे साधारण 56 किलोमीटरची मर्यादा होती. ती पाळायला एखादं साधन हवं हाही विचार होताच.

त्याला 1950 साली पेटंट मिळालं. सुरुवातीच्या यंत्रात वेग पकडून ठेवायची सोयच नव्हती. ठरवलेला वेग आला की पेडल पायाला उलटं ढकलायचं, बस्स. वेग धरून ठेवणारं कुलूप नंतर आलं आणि ब्रेकला पाय लागताच ते सुटायचं. 1958 साली क्रायस्लरने ते ‘ऑटो-पायलट’ या नावाने गाड्यांत दिलं. ‘क्रूझ कंट्रोल’ हे नाव कॅडिलॅकचं, आणि तेच टिकलं. 1973च्या तेलटंचाईनंतर तिकडे ताशी 55 मैलांची मर्यादा आली आणि ही चैनीची वस्तू इंधन वाचवणारी म्हणून घरोघरच्या गाड्यांत गेली.

आता दादांची सुमो. तळेगाव रस्त्यावरच्या वायरमनशी बोलताना कळलं की जुन्या गाडीत प्रश्न तीनच असतात. वेग कळणार कसा? प्रोपेलर शाफ्टवर लोहचुंबक बांधायचे आणि शेजारी कॉइल लावायची. चुंबक जितक्या वेळा समोरून जाईल तितके ठोके. ॲक्सिलरेटरची केबल ओढणार कोण? जुन्या संचांत हे काम व्हॅक्यूम करतो. पेट्रोल इंजिनात तो मॅनिफोल्डमधून मिळतो, डिझेलमध्ये तसा मिळत नाही. सुमोत व्हॅक्यूम पंप आहे, पण तो ब्रेकसाठी. त्या नळीला फाटा काढला आणि तिथे गळती झाली तर ब्रेक दगडासारखा होणार. “त्या नळीला मी हात लावणार नाय,” वायरमनने दादांना सरळ सांगितलं. इलेक्ट्रिक मोटरवाला संच असेल तर बघू, म्हणाला.

तिसरा प्रश्न त्याच्या मते सगळ्यांत मोठा: सुटणार कसं? मोटर आणि केबल यांच्यामध्ये विद्युतचुंबकाचा क्लच असतो. ब्रेक दाबला की त्याचा करंटच तुटला पाहिजे, म्हणजे कंट्रोलर बिघडला तरी केबल मोकळी होते. पायाखालच्या क्लचलाही स्विच हवा, नाहीतर क्लच दाबल्यावर भार जातो आणि इंजिन किंचाळतं. आणखी एक गंमत कळली. काही संच ब्रेकलाइटच्या बल्बमधूनच अर्थ घेतात. मागचे दोन्ही बल्ब उडाले, किंवा हौसेने एलईडी लावले, की क्रूझ चालूच होत नाही. गिऱ्हाईक म्हणतं संच खराब. खरं तर शंका आली म्हणून यंत्राने काम नाकारलेलं असतं.

नव्या गाड्यांत यातलं काही दिसत नाही. चाकणच्याच कारखान्यातून 2011 साली एक्सयूव्ही 500 आली तेव्हा वरच्या मॉडेलला स्टिअरिंगवर क्रूझची बटणं होती. केबलच्या जागी सेन्सर आणि कॉम्प्युटर आले. पण ब्रेक दाबला की सुटायचं, हा नियम टीटरच्या काळापासून तोच आहे.

दादांची सुमो अजून तशीच आहे. मनासारखा संच मिळालेला नाही. तोवर फूडमॉलला थांबून पाय मोकळा करतात. तुमच्यापैकी कुणी जुन्या गाडीत हे बसवून घेणार असेल, तर ‘वेग किती धरतं?’ हे नंतर विचारा. आधी मागची चाकं जॅकवर घेऊन, क्रूझ लावून, ब्रेक आणि क्लच दोन्हीने सुटतं का ते वायरमनकडून डोळ्यांसमोर करून घ्या. आणि घाटात मात्र पायच बरा.