पहाटेची लोकल आणि आपलं कम्युनिटी कॉलेज

अमेरिकेतल्या मामेभावाचा किंवा मावसबहिणीचा फोन आला आणि त्यांच्या मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की एक शब्द हमखास येतो : कम्युनिटी कॉलेज. इकडे फोन स्पीकरवर असतो आणि आपल्या आईबाबांचे चेहरे जरा पडतात. "का रे, चांगल्या कॉलेजात नाही का मिळाली अ‍ॅडमिशन?"

तर मंडळी, तसं नसतं. शिकागोजवळच्या जोलिएट गावातल्या हायस्कूलने १९०१ मध्ये शाळेलाच जोडून कॉलेजची पहिली दोन वर्षं शिकवायला घेतली. मुलांनी घरी राहून, कमी पैशांत शिकावं आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत थेट तिसऱ्या वर्षाला जावं, अशी कल्पना. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांची कॉलेजांत रीघ लागली, तेव्हा १९४७ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांच्या आयोगाने अशा कॉलेजांचं जाळं देशभर विणा असं सुचवलं आणि 'कम्युनिटी कॉलेज' हे नाव रूढ झालं.

आपल्याकडेही ह्या नावाच्या योजना येऊन गेल्या. २००९ मध्ये इग्नूने एक काढली आणि काही वर्षांतच गुंडाळली. नंतर २०१३ च्या आसपास यूजीसीने दुसरी आणली. ठाण्यात किंवा डोंबिवलीत दहा जणांना विचारून बघा, एकालाही माहीत असेल तर वडापाव माझ्याकडून :) पण नाव बाजूला ठेवलं आणि काम बघितलं, तर आपल्या सेंट्रल लाइनवर ही गोष्ट बरीच जुनी आहे.

माझ्या मते ती सुरू होते २० जून १९४६ ला, मुंबईत. डॉ. आंबेडकरांनी आदल्या वर्षी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली होती आणि त्या दिवशी सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. बाबासाहेबांचं कॉलेज म्हणून आपल्याला ते माहीत असतं. त्याचं वेळापत्रक मात्र फारसं कुणाला आठवत नाही. वर्ग सकाळी भरायचे. शिकायचं आहे पण महिन्याचा पगार सोडता येत नाही, अशा कारकून-कामगार मुलांना लेक्चर आटपून हापिस गाठता यावं, म्हणून. ह्या एका निर्णयामागे केवढा विचार आहे बघा. फी माफ केली, राखीव जागा ठेवल्या, होस्टेल दिलं, तरी कॉलेज अकरा ते पाच असेल तर नोकरी करणारा मुलगा आपोआप बाहेर. त्याला कुणी 'नाही' म्हणायची गरजच पडत नाही. घड्याळच म्हणतं.

आता आपल्या बाजूने हिशोब करू. हे कॉलेज पुढे फोर्टातल्या बुद्ध भवनात आलं, म्हणजे व्हीटीला उतरून चालत जाण्यासारखं. व्हीटीपासून ठाणे साधारण ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, कल्याण ५४. सातचं लेक्चर धरलं तर डोंबिवलीच्या मुलाला पाचच्या आसपासची स्लो गाडी, म्हणजे चारला उठणं. मग कॉलेज, मग हापिस, मग परत उलटी दीड तासाची गाडी. अभ्यास कधी? गाडीत. बसायला मिळालं तर.

म्हणून पुढच्या काळात लाइनच्या ह्या टोकाला कॉलेजं येणं ही मोठी गोष्ट होती. उल्हासनगरचं उदाहरण मला सगळ्यात आवडतं. फाळणीत सिंधमधलं सगळं मागे टाकून आलेल्या प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी १९४९ मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज उभं केलं. त्यांच्याच बोर्डाचं चांदीबाई कॉलेज, म्हणजे आपलं सीएचएम, १९६५ मध्ये उल्हासनगरला आलं. लष्करी छावणीच्या बराकींत वसवलेल्या निर्वासितांच्या गावाला सोळा वर्षांत सीएचएमसारखं कॉलेज! ठाण्यात विद्या प्रसारक मंडळ १९३५ पासून शाळा चालवत होतं, पण चेंदणीला खाडीकाठी त्यांचं कॉलेज यायला १९६९ उजाडलं. आजची बांदोडकर आणि जोशी-बेडेकर ही त्यातलीच. कल्याणला बिर्ला कॉलेज १९७२ मध्ये, डोंबिवलीला पेंढरकर १९८० मध्ये. ज्या घरात मुलीला रोज दादरपर्यंत पाठवायला कुरकुर व्हायची, तिथे 'रिक्षाने दहा मिनिटं' हे उत्तर किती उपयोगी पडलं असेल, हे आपल्या आयांना विचारा.

अंतर मिटलं. पण नोकरी करणाऱ्याचं काय? त्यासाठी मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम काढले. नंतर त्याचं आयडॉल झालं, आता सीडीओई म्हणतात. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ आलं. पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. बारावी न झालेल्या प्रौढांना पूर्वतयारी शिक्षणक्रम करून पदवीला बसता येईल अशी वाट ह्या विद्यापीठाने अनेक वर्षं ठेवली होती. शाळा सुटलेल्या कंडक्टरसाठी किंवा घर सांभाळणाऱ्या बाईसाठी ही खरोखरची दुसरी संधी होती.

आणि इथे माझ्या धंद्याचा संबंध येतो. आमच्या आयटीत फ्रेशर घेताना चाळणी ठरलेली असते : दहावी-बारावी-डिग्री सगळीकडे ६० टक्के, फुल-टाइम, मध्ये गॅप नको. 'करस्पॉन्डन्स' दिसलं की रेझ्युमे बाजूला. म्हणजे १९४६ मध्ये ज्या मुलासाठी कॉलेजचं घड्याळ बदललं, त्यालाच आपण आज एक्सेलच्या फिल्टरने उडवतो. दिवसा काम आणि रात्री अभ्यास करून पास झालेला माणूस रात्री दोनला प्रॉडक्शन पडल्यावर घाबरेल, असं कुणाला का वाटतं कोण जाणे. सप्टेंबर २०२२ मध्ये यूजीसीने पुन्हा स्पष्ट केलं की मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरायची. फिल्टरपर्यंत हे पोचलेलं नाही.

असो. अमेरिकेतली ती 'दोन वर्षं इथे, मग उडी तिथे' पद्धत मात्र आपल्याकडे मजेत चालू आहे, फक्त आपण तिला त्या नावाने ओळखत नाही. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, डिप्लोमाहून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. ठाण्यात वागळे इस्टेटला आयटीआय आहे, चेंदणीला मंडळाचं पॉलिटेक्निक १९८३ पासून आहे. घरापासून जवळ, खर्च कमी, आणि शिडीची कुठलीही पायरी नोकरीसाठी थांबण्यासारखी. माझ्या वर्गात डिप्लोमावाले आले तेव्हा गणितात ते थोडे अडखळले, पण वर्कशॉपमध्ये आम्ही त्यांच्या तोंडाकडे बघत बसायचो. हेच आपलं खरं कम्युनिटी कॉलेज, असं माझं मत. आयटीआय म्हटल्यावर सोसायटीतल्या काकूंचा चेहरा पडतो, तो भाग वेगळा.

घरात कुणी ह्या वाटेने जाणार असेल तर तारखांचं बघा. दूरस्थ प्रवेश वर्षातून दोनदा असतात, जुलै आणि जानेवारीच्या सुमारास, त्यामुळे जुलै हुकला म्हणून वर्ष गेलं असं नाही. २०२४ पासून त्यासाठी डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला आधी एबीसी आयडी. थेट दुसऱ्या वर्षाच्या कॅप राउंडला जात पडताळणी आणि नॉन-क्रीमी लेयरवर बरीच मुलं अडकतात. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा गेल्या वर्षीचा कागद फाइलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका. निकालाची वाट न बघता एप्रिलमध्येच अर्ज टाका. जूनमध्ये सेतू केंद्राबाहेरची रांग फास्ट लोकलच्या दारासारखी असते.